सीमा आणि विद्यार्थी

राज्य बदलले म्हणजे विद्यार्थ्याचे गाव हलत नाही. पण परमुलूख हलतो. बिलोलीची कथा अशीच आहे. निजामी अमलात हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ येथील तरुणास आपल्याच राज्यातले, परंतु तेथील शिक्षण उर्दूतून; नागपूर परमुलखात. तथापि १९३८ साली ‘वंदे मातरम्’ गायिल्यामुळे उस्मानियाने काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठानेच आश्रय दिला. पुढे १९५६ च्या पुनर्रचनेने हैदराबाद परप्रांत ठरले, व १९७४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तेथील ८५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखल्या गेल्या. औरंगाबादेस १९५८ मध्ये आणि नांदेडास १९९४ मध्ये विद्यापीठ झाले, तेव्हा कोठे विद्या घराजवळ आली. शुल्काच्या पावतीवर प्रवास, बिऱ्हाड व परकी भाषा यांचे मोल लिहिलेले नसते. ते गरीब पालकाच्या पदरी पडते.