क्लिकर कुत्र्यांपर्यंत उशिरा का पोहोचला?

क्लिकर म्हणजे अंगठ्याने दाबताच 'टक्' असा आवाज करणारी छोटी डबी. कुत्र्याने हवी ती कृती करताक्षणी टक्, आणि पाठोपाठ खाऊ. अमेरिकेतील कॅरन प्रायर यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत शोधून काढली, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. तिचा उगम त्यापूर्वी सुमारे पन्नास वर्षे, एका पिठाच्या गिरणीत आहे.

दुसरे महायुद्ध सुरू होते. मिनियापोलिस येथे जनरल मिल्सच्या गिरणीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर कबुतरांना शिकवत होते. काम लष्करी होते : अस्त्राच्या टोकात बसवलेल्या कबुतराने लक्ष्याच्या प्रतिमेवर चोच मारायची आणि त्यावरून अस्त्राची दिशा ठरायची. १९४४ मध्ये सरकारने प्रकल्प गुंडाळला. मात्र १९४३ मध्ये तेथे एक किरकोळ वाटणारी गोष्ट घडून गेली होती. एका कबुतराला चोचीने लाकडी चेंडू ढकलायला शिकवावे, असे स्किनर आणि सहकाऱ्यांनी ठरवले. पूर्ण कृती होण्याची त्यांनी वाट पाहिली. काहीच घडले नाही. मग चेंडूकडे नुसते पाहिले तरी दाणा, जरा जवळ गेले की दाणा, असे सुरू केले. काही मिनिटांत चेंडू पेटीच्या भिंतींवर आपटू लागला.

सहकाऱ्यांपैकी केलर ब्रेलंड यांनी पत्नी मॅरियन यांच्यासह १९४७ मध्ये प्राणी-प्रशिक्षणाचा व्यवसाय थाटला. त्यासाठी दोघांनी स्किनर यांच्याकडचे संशोधन अर्धवट सोडले. (पीएच.डी. सोडणे इतके सत्कारणी लागल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.) खाऊ प्राण्यापर्यंत पोहोचेतो क्षण निसटलेला असतो, कुत्रा बसलेला असतो तेव्हा नव्हे, तर उठून हाताकडे येतो तेव्हा त्याला बिस्कीट मिळते. नेमका क्षण टिपणारा आवाज ही त्रुटी भरून काढतो.

हे ज्ञान गुप्त मुळीच नव्हते. डिसेंबर १९५१ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये स्किनर यांनी घरच्या कुत्र्याला कसे शिकवावे हे सामान्य वाचकाला समजावून सांगितले आणि आवाजासाठी लहान मुलांचे टिकटिक वाजणारे खेळणे सुचवले. पुढल्याच वर्षी 'लुक' मासिकासाठी त्यांनी एका डाल्मेशियन कुत्रीला भिंतीवर उंच झेप घ्यायला आणि कचऱ्याच्या डब्याचे पेडल दाबायला शिकवले. तेथे आवाजाऐवजी खूण होती छायाचित्रकाराच्या फ्लॅशची.

तरीही घरोघरी काही बदलले नाही. माझ्या मते याचे कारण साखळीत आहे. जर्मन प्रशिक्षक कॉनराड मोस्ट यांच्या १९१० च्या पुस्तकातील सक्तीवर आधारलेली परंपरा तेव्हा चांगलीच रुजलेली होती : पट्ट्याला हिसका द्या, कुत्रा बसतो. हिसक्याने काम भागत असताना संयम शिकण्याची गरज कुणाला वाटणार?

डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही. तो रुसला की तळ्याच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. म्हणून १९६० च्या दशकात हवाईतील सी लाइफ पार्कमध्ये डॉल्फिन शिकवणाऱ्या प्रायर यांना शिट्टी आणि मासे यांवरच विसंबावे लागले. तोच अनुभव त्यांनी १९८४ च्या 'डोन्ट शूट द डॉग' या पुस्तकात मांडला आणि १९९२ पासून गॅरी विल्क्स यांच्यासह कार्यशाळांतून कुत्रेवाल्यांपर्यंत नेला. शोध त्यांचा नसेल. पण कुत्र्याच्या गळ्यातील साखळी सोडून पाहण्याचा आग्रह त्यांनी नेटाने धरला, हे श्रेय मोठे आहे.

ब्रेलंड दांपत्याने १९६१ मध्ये या पद्धतीच्या मर्यादाही लिहून ठेवल्या. नाणी डब्यात टाकायला शिकवलेले रॅकून ती सोडेनात, एकमेकांवर घासत बसत. उपजत वृत्ती खाऊलाही जुमानत नाही.

हे सारे वाचून मी घरच्या कुत्रीवर स्किनर यांचा डब्याचा प्रयोग केला. क्लिकरऐवजी बॉलपेन, खाऊ म्हणून उकडलेल्या अंड्याचे तुकडे. पहिल्या दिवशी तिने पेडल हुंगले, एक तुकडा खाल्ला आणि गॅलरीत जाऊन झोपली. साखळी खुंटीलाच होती. मी पेन खिशात ठेवले आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली.