मेळघाटला निघण्याआधी: एका खोट्या चिठ्ठीची गोष्ट

देवळाली कॅम्पातून सुट्टीत जायचं म्हटलं की त्र्यंबक, भंडारदरा ठरलेलं. आज लांबचा बेत करू: मेळघाट. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत हे होतं. गुगामल राष्ट्रीय उद्यान इथलंच. पण बॅग भरण्याआधी एक गोष्ट ऐका.

रानपिंगळा हे सातपुड्यातलं छोटं घुबड. १८८४ साली जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतरचा एकच नमुना होता, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याचा. चिठ्ठीवर लिहिलेलं: १९१४, मांडवी, गुजरात. झालं! त्या चिठ्ठीवर विसंबून सालिम अली आणि डिलन रिप्लेंसारख्या दिग्गजांनीही शोध घेतला. हाती काहीच लागलं नाही. पक्षी संपला, असं अनेकांना वाटू लागलं.

मग पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने तपासले. माइनर्ट्झहागेनचा तो पक्षी मुळात डेव्हिडसनचाच निघाला! चोरलेला, नव्यानं भरलेला, वर खोटी चिठ्ठी लावलेला. रासमुसेन यांनी ती नोंद बाजूला ठेवली आणि जुन्या, खऱ्या नोंदींवरून प्रवास आखला. नोव्हेंबर १९९७. सोबत बेन किंग आणि डेव्हिड अॅबट. शहाद्याजवळच्या जंगलात, सकाळच्या उन्हात, उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला. तब्बल ११३ वर्षांनी!

विचार करा. पक्षी कुठं राहतो हेच माहीत नसेल, तर त्याचं जंगल वाचवणार कोण? पुढच्या पाहणीत तो मेळघाटातही सापडला, आणि आज हे त्याचं मोठं आश्रयस्थान आहे.

म्हणून आपला बेतही खऱ्या माहितीवर. नाशिकरोडहून रेल्वेनं बडनेरा, मग अमरावती, परतवाडा, सेमाडोह. किंवा अकोल्याला उतरून अकोटमार्गे शहानूर. पावसाळ्यात गाभ्यातलं पर्यटन बंद असतं. सफारीचं बुकिंग वनविभागाच्या अधिकृत साइटवरूनच करा. आत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्या. हा पिंगळा दिवसा वावरतो. साग पानं गाळतो तेव्हा तो दिसायला सोपा.

आणि दिसलाच, तर घरट्याची जागा जगजाहीर करू नका. फोटोखाली जागा लिहायची नसेल तर लिहू नका. पण खोटी मात्र कधीच लिहू नका.