सुट्टीतील श्रमदानाचा इतिहास: व्हर्दून ते सोमनाथ

१/ सुट्टीचे काही आठवडे परक्या गावात जायचे, अनोळखी माणसांसाठी राबायचे, मोबदला घ्यायचा नाही आणि प्रवासखर्चही पदरचाच करायचा. अशा ‘सेवा-सुट्ट्यां’च्या जाहिराती आज सर्वत्र दिसतात. या कल्पनेला मात्र शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो युद्धात उद्ध्वस्त झालेल्या एका फ्रेंच खेड्यात सुरू होतो आणि त्याचा एक धागा वरोऱ्याच्या आनंदवनापर्यंत येतो. #थ्रेड

२/ १९१६ साली फेब्रुवारी ते डिसेंबर असे दहा महिने व्हर्दूनची लढाई चालली. सुमारे ३ लाख फ्रेंच आणि जर्मन सैनिक तिच्यात मृत्युमुखी पडले. तोफगोळ्यांनी शेतजमिनीची चाळण झाली. काही खेडी तर पुन्हा कधी वसलीच नाहीत. जी वसणार होती, त्यांत ‘एन-आं-आर्गोन’ नावाचे एक लहानसे गाव होते. युद्ध संपल्यावर गावकरी परतले, तेव्हा राहायला घर नव्हते आणि नांगरायला सपाट जमीन नव्हती.

३/ याच सुमारास नेदरलँड्समधील बिल्टहोवेन येथे युरोपातील शांततावादी एकत्र येत होते. १९१९ च्या परिषदेत ठराव झाले, भाषणे झाली. तेथे पिअर सेरेझोल नावाचा एक स्विस अभियंता उपस्थित होता. शत्रुराष्ट्रांतील तरुणांनी मिळून युद्धाने मोडलेले एखादे गाव स्वतःच्या हातांनी उभे करावे, हा विचार तेथून पुढे त्याने उचलून धरला.

४/ सेरेझोलचा जन्म १८७९ चा, लोझानचा. त्याचे वडील पॉल सेरेझोल हे १८७३ साली स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते. असे घराणे असूनही मुलाने लष्करी कर भरण्यास नकार दिला आणि तुरुंगवास पत्करला. युद्धाला केवळ नकार देऊन भागत नाही, असे मात्र त्याचे मत होते. सैनिक देशासाठी कष्ट आणि धोका पत्करतो. शांततावाद्यानेही तेवढेच कष्ट उपसून दाखवले पाहिजेत, ही त्याची भूमिका होती.

५/ नोव्हेंबर १९२० मध्ये एन गावात पहिले आंतरराष्ट्रीय कार्यशिबिर सुरू झाले. माणसे मूठभरच होती. पिअर होता, ह्युबर्ट पॅरिस हा इंग्रज क्वेकर होता आणि त्यांच्यासोबत काही जर्मन तरुणही होते. पिअरचा भाऊ अर्नेस्टही आला. तो तर स्विस सैन्यात कर्नल होता! लष्कराला विरोध करणारा एक भाऊ आणि लष्करी अधिकारी असलेला दुसरा, दोघांनी एकाच गावात फावडे हाती घेतले.

६/ काम साधे होते. लाकडी तात्पुरती घरे उभारायची, रस्ता दुरुस्त करायचा, तोफगोळ्यांचे खड्डे बुजवायचे, शेत लागवडीयोग्य करायचे. ऐन हिवाळ्यात ही मंडळी राबली. प्रत्यक्ष सहवासात आलेल्या काही गावकऱ्यांची मने बदलू लागली. तथापि, चार वर्षांपूर्वी ज्या देशाच्या सैन्याने या जमिनीवर आग ओकली, त्याच देशाचे तरुण येथे मदतीला आले आहेत, हे सर्वांना रुचणे शक्य नव्हते.

७/ जर्मन स्वयंसेवक नकोत, असा स्थानिक प्रशासनाचा पवित्रा होता. जर्मनांना वगळून काम चालू ठेवायचे, तर शिबिराचा मूळ हेतूच नाहीसा होत होता. सुमारे पाच महिन्यांनंतर, १९२१ च्या वसंतात, गटाने काम आवरते घेतले. जगातील पहिले आंतरराष्ट्रीय कार्यशिबिर अशा प्रकारे अर्ध्यावरच थांबले.

८/ या अपयशाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. स्वयंसेवकांचा हेतू निर्मळ होता, श्रम खरे होते, गावाची गरजही खरी होती. तरीही ज्यांच्यासाठी हे चालले होते, त्यांची मने तयार नव्हती. कोणाकडून मदत घ्यायची आणि कोणाकडून नाही, हे ठरवण्याचा अधिकार दुःख भोगणाऱ्याचा असतो. सेवेच्या उत्साहात हा अधिकार सहज विसरला जातो.

९/ सेरेझोलने पुढचे पाऊल मायदेशात टाकले. १९२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या व्हेर-लेग्लीझ या डोंगरी गावात हिमप्रपातानंतरचा मलबा उपसण्यासाठी शिबिर भरले. लष्करी सेवेला नागरी सेवेचा पर्याय असावा, ही मागणी स्विस सरकारपुढे होतीच. ती नुसत्या अर्जविनंत्यांनी मान्य होणार नव्हती, म्हणून शिबिरांची शिस्त जवळजवळ लष्करी ठेवण्यात आली. ‘शब्द नव्हे, कृती’ हे या चळवळीचे ब्रीद ठरले.

१०/ सप्टेंबर १९२७ मध्ये ऱ्हाईन नदीचा बांध फुटून लिख्टेनश्टाईन या चिमुकल्या देशाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पूर ओसरला, पण शेतांवर वाळू आणि गोट्यांचे थर साचून राहिले. १९२८ मध्ये अनेक देशांतील ७०० हून अधिक स्वयंसेवक तेथे पाळीपाळीने राबून गेले. त्यांत विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती. ‘सुट्टीत श्रमदान’ या प्रकाराला व्यापक रूप आले ते येथे.

११/ या शिबिरांची एक बाजू आज खटकते. स्त्रिया स्वयंसेवक म्हणून येत, परंतु त्यांच्या वाट्याला बहुधा स्वयंपाक आणि धुणे येई. त्यांना ‘भगिनी’ म्हटले जाई, पुरुषांना ‘मित्र’. राष्ट्राराष्ट्रांतील भिंती पाडायला निघालेल्या चळवळीला स्वतःच्या स्वयंपाकघराची भिंत दिसायला वेळ लागला. शेकडो माणसांना दोन वेळचे गरम अन्न मिळत होते म्हणूनच फावडी चालत होती, हेही खरेच.

१२/ १९३१ साली वेल्समधील ब्रिनमॉर या खाणकामगारांच्या गावात वेगळाच प्रश्न उभा राहिला. तेथे पूर आला नव्हता, भूकंप झाला नव्हता. संकट होते ते बेकारीचे. स्वयंसेवकांनी स्थानिक बेकार कामगारांसोबत पोहण्याचा तलाव आणि बाग तयार करण्याचे काम हाती घेतले. गावातील काही कामगार कार्यकर्त्यांचा त्याला विरोध होता. जेथे माणसे रोजगारासाठी वणवण करीत आहेत, तेथे फुकट श्रम करणे ही मदत म्हणायची की मजुरीवर घाला?

१३/ हा आक्षेप गैरलागू नव्हता. फुकट काम करणारा पाहुणा स्थानिक गवंड्याची, सुताराची रोजी हिरावून घेऊ शकतो. म्हणूनच चांगल्या शिबिरांनी पुढे अशी कामे निवडली, जी मजुरी देऊन कोणी करवून घेतलीच नसती, किंवा जी गावकऱ्यांच्या बरोबरीने, त्यांच्याच पुढाकाराने होत असत.

१४/ आता भारताकडे वळू. १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी बिहारला भीषण भूकंपाचा धक्का बसला. बिहार आणि नेपाळ मिळून १० हजारांहून अधिक माणसे दगावली. मुझफ्फरपूरच्या परिसरात जमीन फाटून वाळू वर आली, सुपीक शेते तिच्याखाली गाडली गेली. सेरेझोलची आणि गांधीजींची ओळख १९३१ मध्ये, गांधीजी स्वित्झर्लंडला गेले असताना झालेली होती. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तो भारतात आला.

१५/ मदतकार्याची धुरा राजेंद्रप्रसादांकडे होती. सेरेझोलने त्यांची आणि गांधीजींची भेट घेतली, परिसर पाहिला आणि मगच काम ठरवले. पुराच्या टप्प्यात आलेली गावे उंच जागेवर नव्याने वसवायची, असे ते काम होते. त्यांतील एका वस्तीला ‘शांतिपूर’ हे नाव मिळाले. युरोपातून आलेले सहकारी बोटांवर मोजण्याइतकेच होते. बाकी सारे श्रम बिहारच्या लोकांचे होते.

१६/ हिशेबाच्या वहीत हा उद्योग तोट्याचाच दिसेल. एका युरोपियन माणसाच्या बोटीच्या भाड्यात कितीतरी स्थानिक मजुरांची मजुरी भागली असती. पण काळ १९३४ चा आहे, हे लक्षात घ्यावे. तेव्हा गोरा माणूस म्हणजे हुकूम सोडणारा साहेब. तो मातीत उतरून भारतीयांच्या बरोबरीने आणि भारतीय नेतृत्वाच्या सल्ल्याने काम करतो, हे दृश्यच त्या काळच्या सत्ताव्यवस्थेला छेद देणारे होते.

१७/ सेरेझोल १९४५ मध्ये वारला. तोवर त्याच्या चळवळीला ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ असे संस्थारूप आले होते आणि स्वातंत्र्यानंतर तिचे स्वयंसेवक पुन्हा भारतात येऊ लागले. १९५४ मध्ये त्यांची एक तुकडी तत्कालीन मध्य प्रदेशातील, आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील एका माळरानावर दाखल झाली. त्या माळरानाचे नाव होते आनंदवन.

१८/ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली होती. साधनाताई, दोन लहानगी मुले आणि मूठभर कुष्ठरुग्ण एवढ्या बळावर खडकाळ, झुडपी जमिनीत विहिरी खोदून त्यांनी शेती उभी केली. भाजीपाला पिकू लागला. पण कुष्ठरुग्णांच्या हातची भाजी वरोऱ्यात घेणार कोण? कष्टाला फळ आले, तरी त्या फळाला बाजारात स्थान नव्हते.

१९/ अशा वेळी देशोदेशीचे तरुण आनंदवनात मुक्कामाला आले. त्यांनी बांधकामाला हात लावलाच. त्याहून मोठे काम त्यांच्याकडून जेवणाच्या पंगतीत झाले. ते कुष्ठरुग्णांमध्ये राहत होते आणि तेथेच पिकलेले अन्न निःशंकपणे खात होते. वरोऱ्याच्या लोकांनी हे डोळ्यांनी पाहिले. भीतीची पकड सैल झाली आणि आनंदवनच्या भाजीवरचा अघोषित बहिष्कार ओसरू लागला.

२०/ विटा रचायला माणसे स्थानिकही मिळाली असती. ‘येथे धोका नाही’ ही साक्ष मात्र बाहेरून आलेल्यानेच द्यायला हवी होती. पाहुण्याची उपयुक्तता नेमकी कशात असते, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच. आणि आनंदवन मुळात बाबांनी व तेथील रहिवाशांनी उभे केले होते, हेही ध्यानात ठेवावे. पाहुण्यांनी चालू कामाला एक खांदा दिला.

२१/ याच भूमीत पुढे मराठी तरुणांसाठी एक परंपरा जन्मली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मूल तालुक्यातील सोमनाथ येथे बाबांनी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. वेळ निवडली ती मे महिन्याची, चंद्रपूरच्या रणरणत्या उन्हाची! पहाटे श्रमदान, त्यानंतर व्याख्याने आणि चर्चा. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून मुलेमुली सुट्टीत येथे येऊ लागली.

२२/ ‘श्रमसंस्कार’ हा शब्द नीट पाहावा. श्रम सोमनाथच्या मातीत होतात, संस्कार होतो तो श्रम करणाऱ्यावर. आपण गावाचा उद्धार करायला आलो आहोत, असा दावाच या शब्दात नाही. काही दिवस घाम गाळून शिबिरार्थी स्वतः शिकून जातो, हे आयोजक नावातूनच सांगून टाकतात. येथे आलेल्या काही तरुणांनी पुढे आनंदवन आणि हेमलकसा यांसारख्या ठिकाणी पूर्णवेळ कामाला वाहून घेतले.

२३/ २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ‘राष्ट्रीय सेवा योजना’ ३७ विद्यापीठांत सुरू झाली. पहिल्या वर्षी ४० हजार विद्यार्थी तिच्यात सामील झाले. महाविद्यालयीन ‘एनएसएस’चे सात दिवसांचे निवासी शिबिर लाखो मराठी मुलांनी अनुभवले आहे. त्याचा एन गावातील फावड्यांशी थेट संबंध नसेल. दोन्हीकडे विचार मात्र एकच आहे: एकत्र राबल्याने माणसे जोडली जातात.

२४/ या इतिहासाला काळी किनारही आहे. सेवा-सुट्टी ही विक्रीची वस्तू झाली, तेव्हा गरज निर्माण करण्याचा धंदाही सुरू झाला. कंबोडियात अनाथालयांना भेट देणाऱ्या परदेशी पर्यटकांची संख्या वाढली, तशी अनाथालयेही वाढली. तेथील बहुसंख्य मुलांच्या आईवडिलांपैकी किमान एक जण हयात असल्याचे २०११ मध्ये युनिसेफच्या पुढाकाराने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून समोर आले. दर पंधरवड्याला नवा ‘ताई-दादा’ लळा लावतो आणि निघून जातो. त्याची किंमत मुले मोजतात.

२५/ सुट्टीत अशा कामाला जाण्याचा बेत आखणाऱ्याने म्हणूनच काही प्रश्न आधी विचारावेत. आपल्याला कोणी बोलावले आहे? (एन गावचा धडा.) आपल्या फुकट श्रमाने कोणाची मजुरी बुडते का? (ब्रिनमॉर.) काम कोणाच्या सल्ल्याने ठरले? (बिहार.) आपण नसतो तर जे झालेच नसते, असे काय आपल्या हातून होणार आहे? (आनंदवन.) आणि आपण गेल्यावर ते काम पुढे कोण चालवणार?

२६/ या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर खुशाल निघावे. सोबत मजबूत बूट, पाण्याची बाटली आणि शिकण्याची तयारी असू द्यावी. उत्तरे मिळाली नाहीत, तर तोच प्रवासखर्च एखाद्या स्थानिक संस्थेला देणे अधिक उपयोगाचे ठरेल. सेरेझोललाही पहिल्याच गावातून काम अर्धवट टाकून परतावे लागले होते. चौदा वर्षांनी तो बिहारमध्ये आला, तेव्हा फावडे उचलण्यापूर्वी त्याने तेथील माणसांचे म्हणणे ऐकून घेतले.

(समाप्त)