येमेनमधील प्रवास आणि सुरक्षितता

येमेन हा अरबी द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य टोकाला वसलेला देश असून २०१४ पासून चालू असलेल्या गृहयुद्धामुळे तो प्रवासासाठी जगातील सर्वाधिक धोकादायक देशांपैकी एक मानला जातो. अमेरिका व ब्रिटन आपल्या नागरिकांना येमेनमध्ये अजिबात न जाण्याचा सल्ला देतात. भारताने २०१७ मध्ये सल्ल्यापलीकडे जाऊन आपल्या नागरिकांच्या येमेन प्रवासावर कायदेशीर बंदी घातली. सशस्त्र संघर्ष, अपहरण, भूसुरुंग, मनमानी अटक, साथीचे रोग आणि दूतावासांची अनुपस्थिती ही या जोखमीची प्रमुख कारणे आहेत.

पार्श्वभूमी

सना, शिबाम आणि झबीद ही प्राचीन नगरे, मारिबजवळील साबा राज्याचे अवशेष आणि सोकोत्रा द्वीपसमूह ही येमेनमधील पाच स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस या स्थळांमुळे देशात परदेशी पर्यटकांची ये-जा वाढली होती. मात्र पर्यटकांवरील हल्ले गृहयुद्धाच्या आधीपासूनच होत होते. डिसेंबर १९९८ मध्ये अबयान प्रांतात १६ पाश्चात्त्य पर्यटकांचे अपहरण झाले व सुटकेच्या कारवाईत त्यांपैकी चौघे मृत्युमुखी पडले. जुलै २००७ मध्ये मारिब येथील आत्मघातकी स्फोटात आठ स्पॅनिश पर्यटक ठार झाले, तर मार्च २००९ मध्ये शिबाम येथे दक्षिण कोरियाचे चार पर्यटक बळी पडले.

सप्टेंबर २०१४ मध्ये हूथी बंडखोरांनी राजधानी सना ताब्यात घेतली. २६ मार्च २०१५ रोजी सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने हवाई हल्ले सुरू केले. तेव्हापासून सना, होदेदा, सादा यांसह उत्तर व पश्चिमेकडील दाट लोकवस्तीचा भाग मुख्यतः हूथींकडे राहिला आहे. आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या सरकारची तात्पुरती राजधानी एडन येथे आहे. सरकारच्या बाजूच्या गटांमध्येही संघर्ष झाले असून ऑगस्ट २०१९ मध्ये दक्षिणेतील फुटीरतावाद्यांनी एडनवर ताबा मिळवला होता. २ एप्रिल २०२२ रोजी लागू झालेली युद्धविरामाची मुदत ऑक्टोबर २०२२ मध्ये औपचारिकरीत्या संपली. त्यानंतर पूर्वीच्या तीव्रतेचे युद्ध भडकले नाही, तरी स्थायी शांतता करारही झाला नाही.

प्रवेशाचे मार्ग व कागदपत्रे

येमेनमध्ये प्रवेशासाठी वैध पारपत्र व व्हिसा आवश्यक असतो. पारपत्रावर इस्रायलचा शिक्का असल्यास प्रवेश नाकारला जातो. देशात दोन स्वतंत्र प्रशासने असल्यामुळे एका बाजूचा व्हिसा दुसऱ्या बाजूला ग्राह्य धरला जाईलच असे नाही. हूथींच्या ताब्यातील प्रदेशात जाण्यासाठी त्यांच्या प्रशासनाची वेगळी परवानगी लागते. देशांतर्गत प्रवासासाठीही परवानापत्रे घ्यावी लागतात. रस्त्यांवरील तपासणी नाक्यांवर ती पुन्हा पुन्हा दाखवावी लागतात आणि प्रत्येक नाका वेगळ्या गटाच्या हाती असू शकतो.

सना विमानतळ ऑगस्ट २०१६ पासून व्यावसायिक उड्डाणांसाठी बंद होता. मे २०२२ मध्ये तेथून जॉर्डनची राजधानी अम्मानपर्यंत मर्यादित सेवा सुरू झाली, परंतु मे २०२५ मधील इस्रायली हवाई हल्ल्यांत विमानतळाचे व तेथील विमानांचे मोठे नुकसान झाले. सरकारी बाजूकडील एडन व सेयून येथील विमानतळ, ओमान सीमेवरील शहन आणि सौदी अरेबियाच्या सीमेवरील अल-वदिया ही इतर प्रवेशद्वारे होत. यांपैकी कोणताही मार्ग पूर्वसूचनेशिवाय बंद होऊ शकतो. त्यामुळे देशात शिरता आले, तरी ठरल्या दिवशी बाहेर पडता येईल याची खात्री नसते.

प्रमुख धोके

सशस्त्र संघर्ष व भूसुरुंग: युद्धकाळात पेरलेले सुरुंग शेतांत, रस्त्यांलगत, विहिरींजवळ व किनारपट्टीवर आढळतात. पुराच्या पाण्याबरोबर ते मूळ जागेवरून वाहून जात असल्याने पूर्वी सुरक्षित ठरलेली जागाही नंतर धोक्याची ठरू शकते. सौदी अरेबियाच्या अर्थसाहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'मसाम' प्रकल्पाने चार लाखांहून अधिक सुरुंग व न फुटलेली स्फोटके निकामी केली आहेत.

अपहरण व अटक: खंडणीसाठी, कैद्यांच्या अदलाबदलीसाठी किंवा टोळ्यांच्या मागण्या पुढे रेटण्यासाठी परदेशी व्यक्तींचे अपहरण केले जाते. अरबी द्वीपकल्पातील अल-कायदा ही संघटना दक्षिण व पूर्व भागांत सक्रिय आहे. मार्च २०१६ मध्ये एडन येथील मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या वृद्धाश्रमावरील हल्ल्यात चार जोगिणींसह १६ जणांची हत्या झाली. त्या वेळी पळवून नेलेल्या भारतीय धर्मगुरूची सुटका सप्टेंबर २०१७ मध्ये झाली. जून २०२४ पासून हूथींनी संयुक्त राष्ट्रे व स्वयंसेवी संस्थांच्या अनेक कर्मचाऱ्यांनाही ताब्यात घेतले आहे.

सागरी मार्ग: नोव्हेंबर २०२३ पासून हूथींनी तांबडा समुद्र व एडनच्या आखातात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. मार्च २०२४ मध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावरील हल्ल्यात तीन खलाशी मरण पावले. उरलेल्या २१ जणांना भारतीय नौदलाच्या आयएनएस कोलकाता या युद्धनौकेने वाचवले. त्यांत एक भारतीय होता.

आरोग्य: २०१६ मध्ये सुरू झालेल्या कॉलऱ्याच्या साथीतील संशयित रुग्णांची संख्या डिसेंबर २०१७ पर्यंत दहा लाखांवर गेली. हिवताप व डेंग्यूचाही प्रादुर्भाव होतो. अनेक रुग्णालये बंद किंवा अंशतः चालू असून औषधे, इंधन व शुद्ध पाणी यांचा तुटवडा असतो. सर्वसाधारण प्रवास विम्यात युद्धजन्य हानीला सहसा संरक्षण नसते.

कायदे व व्यवहार

येमेनमधील कायदा इस्लामी शरियतवर आधारलेला आहे. मद्यपानास बंदी आहे आणि समलिंगी संबंधांसाठी मृत्युदंडाची तरतूद आहे. लष्करी ठाणी, नाके व सरकारी इमारती यांचे छायाचित्रण केल्यास अटक होऊ शकते. हूथींच्या प्रदेशात स्त्रियांना महरम, म्हणजे जवळचा पुरुष नातेवाईक, सोबत असल्याशिवाय प्रवास करण्यावर निर्बंध आहेत.

खुनाच्या खटल्यात मृताच्या वारसांनी 'दियत' (रक्तमूल्य) स्वीकारून क्षमा केल्यास आरोपीचा मृत्युदंड टळू शकतो. सना येथे मृत्युदंड ठोठावण्यात आलेल्या केरळच्या एका परिचारिकेच्या प्रकरणामुळे ही तरतूद भारतात चर्चेत आली. १६ जुलै २०२५ ही शिक्षेच्या अंमलबजावणीची ठरलेली तारीख पुढे ढकलण्यात आली. सनामध्ये भारतीय दूतावास नसल्यामुळे अशा वाटाघाटी किती अवघड होतात, हेही या प्रकरणातून दिसून आले.

चलनाच्या बाबतीतही देश विभागलेला आहे. हूथींनी एडनच्या मध्यवर्ती बँकेने छापलेल्या नव्या नोटांवर बंदी घातल्यामुळे येमेनी रियालचा दर सना व एडनमध्ये अगदी भिन्न असतो आणि एका भागातील नोटा दुसऱ्या भागात चालत नाहीत.

भारतीय नागरिकांसाठी निर्बंध

एप्रिल २०१५ मध्ये भारताने 'ऑपरेशन राहत' ही मोहीम राबवून ४,६०० हून अधिक भारतीयांना आणि ४१ देशांच्या सुमारे ९६० नागरिकांना येमेनमधून बाहेर काढले. आयएनएस सुमित्रा, आयएनएस मुंबई व आयएनएस तरकश या नौकांनी लोकांना जिबूती येथे पोहोचवले. तेथून त्यांना विमानांनी मुंबई व कोची येथे आणण्यात आले. त्यानंतर सना येथील भारतीय दूतावास बंद झाला व त्याचे कामकाज देशाबाहेरून चालू लागले.

इशारे देऊनही काही नागरिक रोजगारासाठी येमेनला जात राहिल्याने सप्टेंबर २०१७ मध्ये भारत सरकारने पारपत्र अधिनियम, १९६७ अन्वये प्रवासबंदीची अधिसूचना काढली. बंदी मोडणाऱ्याचे पारपत्र किमान सात वर्षांसाठी रद्द होऊ शकते. विशिष्ट व अत्यावश्यक कारणासाठी मर्यादित काळाची सवलत देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. याखेरीज, 'उत्प्रवासन तपासणी आवश्यक' असा शेरा असलेल्या पारपत्रधारकांना ज्या १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी शासनाची मंजुरी घ्यावी लागते, त्यांत येमेनचा समावेश आहे. तिसऱ्या देशात नोकरीचे आमिष दाखवून पुढे येमेनला नेणे किंवा मालकाने पारपत्र स्वतःजवळ ठेवून घेणे हे प्रकार कामगारांच्या दृष्टीने विशेष धोक्याचे ठरतात.

महाराष्ट्राशी संबंध

एडन बंदर १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने जिंकले व १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत असे. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना एडनच्या तुरुंगात ठेवण्यात आले होते आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा तेथेच मृत्यू झाला. मुंबईत मुख्यालय असलेल्या दाऊदी बोहरा समाजाची हराझ पर्वतातील हुतैब येथे महत्त्वाची दर्गा आहे. हा भाग हूथींच्या ताब्यात असून भारतीय यात्रेकरूंनाही २०१७ ची प्रवासबंदी लागू होते.

सोकोत्रा

हिंदी महासागरातील सोकोत्रा बेटे मुख्य भूमीवरील लढायांपासून बहुतांशी दूर राहिली आहेत. 'ड्रॅगन ब्लड' वृक्षांसाठी प्रसिद्ध असलेल्या या बेटांवर अलीकडच्या वर्षांत परदेशी पर्यटक मुख्यतः अबुधाबीमार्गे गेले. तथापि बेटांवरील प्रशासनही मुख्य भूमीवरील सत्तासंघर्षापासून अलिप्त नाही. जून ते सप्टेंबर या काळात प्रचंड वाऱ्यांमुळे समुद्रप्रवास जवळजवळ थांबतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये चपला व मेघ या दोन चक्रीवादळांनी बेटांना लागोपाठ तडाखा दिला होता. बेटे येमेनचाच भाग असल्यामुळे विविध देशांचे प्रवासविषयक इशारे व भारताची बंदी त्यांनाही लागू होते.

पूर्वतयारी

पत्रकार, वैद्यकीय कर्मचारी व मदतकार्यकर्ते यांसारख्या ज्यांना येमेनला जाणे अपरिहार्य असते, त्यांच्यासाठी मदतसंस्था सविस्तर सुरक्षा नियोजन करतात. विश्वासू स्थानिक मध्यस्थ, युद्धक्षेत्रासाठीचा विशेष विमा, वैद्यकीय स्थलांतराची व्यवस्था, उपग्रह दूरध्वनी बाळगण्याची पूर्वपरवानगी आणि ठरावीक वेळी संपर्क साधण्याची पद्धत यांचा त्यात समावेश असतो. अमेरिकेचे परराष्ट्र खाते अशा देशांत जाणाऱ्यांना मृत्युपत्र करून ठेवण्याचा सल्ला देते. अपहरण झाल्यास व्यक्ती जिवंत असल्याची खातरजमा करता यावी, यासाठी केवळ तिलाच ठाऊक असलेले प्रश्न व उत्तरे कुटुंबीयांशी आधी ठरवून ठेवण्याची सूचनाही ते खाते करते.