गांधीनगर : निर्वासितांची वसाहत

कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. ते परदेशांत पांगल्यावर त्याच बराकींत फाळणीने बेघर झालेले सिंधी आले. तेच आजचे गांधीनगर. पोलिश मंडळी पाहुणी राहिली, सिंधी नागरिक झाले. राज्यघटनेच्या सहाव्या कलमानुसार १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन स्थायिक झालेल्यांना नागरिकत्व आपोआप लाभले; नंतर आलेल्यांना सहा महिन्यांचे वास्तव्य व नोंदणीसाठी अर्ज आवश्यक होता. मालमत्तेचा प्रश्न अधिक बिकट. सिंधमधील घरादारांचे दावे १९५० च्या कायद्यान्वये पडताळले गेले, भरपाईचा कायदा १९५४ मध्ये झाला. दावा जितका मोठा, तितके भरपाईचे प्रमाण कमी. ज्यांचे दस्तऐवज सिंधमध्येच राहिले, त्यांची अडचण निराळी सांगावयास नको.