क्यूसू

हिरवा चहा मुरवण्याची जपानी चहादाणी. १७३८ मध्ये नागातानी सोएन यांच्या प्रक्रियेने सेंचा चहा घडला आणि पाने गरम पाण्यात मुरवून पिण्याची रीत फोफावली. क्यूसूची घडण याच रीतीला साजेशी आहे. जपानमधील तोकोनामे येथील लोहयुक्त लाल मातीच्या क्यूसूने चहाचा तुरटपणा कमी होतो, असे जाणकार सांगतात. पण चकचकीत लेपाच्या चिनीमातीच्या क्यूसूतही उत्तम चहा होतो, तेव्हा मोठे श्रेय आकारालाच द्यावे लागते. चोचीशी जवळजवळ काटकोनात बसवलेली पोकळ मूठ धरून, अंगठ्याने झाकण दाबून नुसते मनगट वळवले, की ७०–८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिनिटभर मुरलेला चहा शेवटच्या थेंबापर्यंत निथळतो. चोचीच्या मुळाशी असलेली बारीक जाळी पाने अडवते. पाणी आत साचून राहिले, तर त्याच पानांची पुढची खेप कडवट उतरते.