पेशीतील मालाची निवड: एका शोधाचा इतिहास

पेशीत प्रथिनांची ने-आण पुटिकांमधून होते. पटलाचा लहानसा भाग आत खचतो, सुटा होतो आणि निवडलेला माल घेऊन पुढे जातो. ही निवड कशी होते, हे उलगडायला सुमारे चार दशके लागली.

1964 मध्ये थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर यांना डासाच्या अंडपेशीत बलकातील प्रथिन आत ओढणारे खळगे आणि पुटिका दिसल्या. त्यांच्यावर केसाळ आवरण होते. 1975-76 मध्ये केंब्रिजच्या बार्बरा पिअर्स यांनी डुकराच्या मेंदूतून अशा पुटिका वेगळ्या केल्या आणि आवरणातील मुख्य प्रथिनाला क्लॅथ्रिन हे नाव दिले.

मात्र आवरण सापडले तरी निवडीचे कोडे सुटले नव्हते. त्याचा धागा डॅलसमध्ये हाती लागला. जोसेफ गोल्डस्टीन आणि मायकेल ब्राउन हे रक्तातील कोलेस्टेरॉल जन्मतः वाढवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा अभ्यास करत होते. बहुतेक रुग्णांच्या पेशी एलडीएल हा कोलेस्टेरॉलवाहू कण पुरेसा धरूच शकत नव्हत्या. एका रुग्णाच्या पेशी मात्र तो धरत, पण आत घेत नसत. निरोगी पेशीत एलडीएलचे ग्राही, म्हणजे तो कण धरणारी प्रथिने, आवरणयुक्त खळग्यांत गोळा होतात. या पेशींत ते पृष्ठभागभर विखुरलेले होते.

1986 मध्ये कारण कळले. हा ग्राही 839 अमिनो आम्लांचा असून त्याचे शेवटचे 50 दुवे पेशीच्या आत असतात. या शेपटीत 807 व्या जागी टायरोसीनऐवजी सिस्टीन आले होते. एका दुव्याच्या बदलाने खळग्याची वाट बंद झाली.

शेपटीवरची खूण वाचते कोण? 1995 मध्ये हुआन बोनिफासिनो यांच्या गटाने दाखवले, की टायरोसीन असलेल्या अशाच एका दुसऱ्या प्रकारच्या खुणेला क्लॅथ्रिनला पटलाशी जोडणाऱ्या जोडक प्रथिनसंचाची म्यू साखळी चिकटते. 1998 मध्ये डेव्हिड ओवेन आणि फिलिप इव्हान्स यांनी स्फटिकरचनेतून ही पकड उघड केली: म्यू साखळीच्या डोमेनमध्ये दोन खाचा असतात, एकीत टायरोसीन बसते, तर दुसरीत त्यापुढचे तिसरे, पाण्यापासून दूर राहणारे अमिनो आम्ल.

एलडीएल ग्राहीची खूण वाचणारे एआरएच हे प्रथिन 2001 मध्ये पुढे आले. त्याचे पीटीबी डोमेन ग्राहीची शेपटी पकडते, तर उरलेला भाग क्लॅथ्रिन आणि जोडक संच यांना धरतो. एआरएचचे जनुक दोन्ही पालकांकडून सदोष मिळाले, तर ग्राही निर्दोष असूनही कोलेस्टेरॉल वाढते. म्हणजे खूण बिघडो वा ती वाचणारे प्रथिन, परिणाम एकच: एलडीएल रक्तातच साचत राहते.